पाणी पिणारी पट्टी, पाणी न पिणारी पट्टी

आमचा धंदा कापडाचा. गोंदियाच्या बाजारात मीटरपट्टी आणि कात्री हातात धरून आमची तीस वर्षे गेली. तेव्हा राइस मिलच्या यंत्रात बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर आम्ही काय लिहिणार, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल आणि तो रास्तही आहे. त्याचे कारण असे की, आमच्या भाच्याच्या लेथच्या कारखान्यात आमचे भांडवल गुंतलेले आहे. दुसरे असे की, नायलॉन ही चीज आम्ही धाग्याच्या आणि कापडाच्या रूपाने आयुष्यभर विकली. पट्टीच्या रूपाने मात्र तिने आम्हाला असा दणका दिला की बसून शिकावे लागले. जे शिकलो ते आमच्या कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण धान आणि धानाच्या मिली त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी, कुठेही जा, मिलची चिमणी दिसते आणि मिलच्या आसऱ्याने एखादा लेथवाला, वेल्डिंगवाला, वाइंडिंगवाला दिसतो. यांत आपली मुले पुष्कळ आहेत. पूर्वी त्यांचे काम लोखंडाचे, पितळेचे आणि लाकडाचे असे. आता मिलवाला येतो आणि म्हणतो, ‘‘चेनच्या खाली प्लॅस्टिकची पट्टी टाकून द्या, आवाज कमी होतो, ग्रीसही लागत नाही.’’ मागणी खरी आहे. धानाच्या टरफलात वाळूच्या जातीचा पदार्थ, म्हणजे सिलिका, भरपूर असतो. कोंड्याची राख केली तर तिचा बहुतेक भाग सिलिकाच निघतो. हे टरफल रात्रंदिवस लोखंडावर घासत गेले की चांगली जाड चादरसुद्धा चाळणीसारखी होते. चेनखालची गाइड, शूटचे अस्तर, चाळणीच्या चौकटीखालची सरकपट्टी, एलिव्हेटरच्या बाजूची आधारपट्टी, अशा सर्व ठिकाणी आज प्लॅस्टिक बसते.

पण ‘प्लॅस्टिक’ हे एका वस्तूचे नाव नाही. आमच्या दुकानात येऊन कोणी नुसते ‘कापड द्या’ म्हटले तर आम्ही विचारतो, कशासाठी? परकरासाठी, पडद्यासाठी की गादीच्या खोळीसाठी? पट्टीच्या बाबतीत हा साधा प्रश्न आम्ही विचारला नाही.

झाले ते असे. काही वर्षांपूर्वी भाच्याला एका उसन्या तांदळाच्या मिलचे काम मिळाले. अरवा तांदूळ कोरड्या धानाचा होतो. उसन्यासाठी मात्र धान होदीत साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात भिजवतात, मग वाफ देतात, मग वाळवतात. होदीखालून ओले धान पुढे नेणारी चेन होती आणि तिच्या खाली पट्ट्या टाकायच्या होत्या. भाच्याने बाहेरगावच्या एका दुकानातून पांढरी पट्टी आणली. दुकानदाराने ‘डेल्रिन आहे, एक नंबर’ असे सांगितले. बिलावर मात्र ‘व्हाइट प्लॅस्टिक पट्टी, इतके किलो’ एवढेच होते. भाच्याचा हात साफ आहे. दीड-दीड मीटरच्या पट्ट्या त्याने दोन अँगलच्या मध्ये अशा चापून बसवल्या की नखही शिरू नये. पट्टीला पट्टी भिडलेली. मिलवाले खूश, आम्हीही खूश.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी त्याचा निरोप आला, ‘‘मामू, पट्टी फुगली.’’ जाऊन पाहतो तर पट्ट्या लांबीला वाढून मधोमध कमानीसारख्या उठल्या होत्या. चेनची कडी त्या कमानीत अडकली आणि चेन तुटली. होदीत भिजलेले धान तसेच पडून राहिले. भिजलेले धान वेळेत पुढे गेले नाही तर ते आंबते, तांदळाला वास येतो आणि रंग उतरतो. दोन दिवस मिल बंद. चेन आणि मजुरी आम्ही भरून दिली; तांदळाचे नुकसान मात्र मिलवाल्यानेच सोसले. तो भला माणूस, एका शब्दाने भांडला नाही. फक्त पुढच्या हंगामाचे काम दुसऱ्याकडे गेले. आमच्या हिशेबात तोटा त्या कामाचाच मोठा.

मग शोध सुरू झाला. पट्टी फुगलीच कशी? लोखंड गंजते, लाकूड फुगते. प्लॅस्टिकला पाणी लागत नाही असेच आम्ही समजत होतो. आणि इथेच आम्हाला आमची लाज वाटली, कारण याचे उत्तर आमच्याच दुकानात होते. सूत व्यापारात ‘रिगेन’ नावाचा हिशेब असतो. कोरड्या धाग्याने हवेतून किती ओल घ्यावी हे त्यात ठरलेले असते. सुती धाग्याला ८.५ टक्के, नायलॉनला ४.५ टक्के, पॉलिएस्टरला जेमतेम ०.४ टक्का. म्हणूनच पॉलिएस्टरची साडी दोरीवर टाकली की लगेच वाळते आणि सुती साडी तासभर थेंब गाळत राहते. नायलॉन या दोघींच्या मध्ये. धागा आणि पट्टी दोन्ही एकाच नायलॉनची. धागा ओल पितो तर पट्टी का पिणार नाही?

पिते, आणि चांगली पोटभर पिते. नायलॉन-६ ची पट्टी पाण्यात कायमची बुडून राहिली तर आपल्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी घेते आणि मोजमापात दोन टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे मीटरमागे दोन सेंटिमीटर. जाड पट्टीला पूर्ण भिजायला महिने लागतात, पण पाणी गरम असेल तर हे काम झपाट्याने होते. आमच्या दीड मीटरच्या पट्टीला कमान व्हायला पूर्ण भिजण्याची गरजच नव्हती. अर्धी वाढसुद्धा पुरेशी होती.

आता कोणी म्हणेल की नायलॉन वाईट. आम्ही तसे म्हणणार नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर धोट्याला धक्का देणारा पिकर असतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास फेके, आणि प्रत्येक फेक त्या पिकरच्या अंगावर. जुन्या काळी हा पिकर म्हशीच्या कच्च्या चामड्याचा असे आणि महिनोन् महिने तेलात मुरवावा लागे. त्याची जागा ज्या प्लॅस्टिकांनी घेतली त्यांत नायलॉन होते. मार खाण्यात आणि ओझे सोसण्यात ते पटाईत आहे. कोरड्या जागेतील बुश, चाळणीचा रोलर, चेनचे लहान चाक, तिथे नायलॉन खुशाल वापरा. थोडी ओल तर त्याला मानवतेच. अगदी सुके नायलॉन ठिसूळ असते, म्हणून जाणते कारागीर नवीन नग पाण्यात उकळून मग बसवतात. अट एवढीच की वाढायला जागा ठेवा आणि जिथे सतत पाणी आहे तिथे अचूक मापाचे काम त्याच्यावर सोपवू नका.

ज्याच्या नावाने आम्हाला पट्टी दिली ते डेल्रिन म्हणजे अ‍ॅसिटाल. डेल्रिन हे ड्यूपाँट कंपनीने १९६० साली बाजारात आणलेले नाव. तसल्या मालाला आता सगळेच डेल्रिन म्हणतात. ते पाण्यात बुडाले तरी एक टक्क्याच्या आतच पाणी घेते, कडक असते आणि माप सोडत नाही. लहान गिअर, मापाचा बुश, रोलर यांना ते उत्तम. त्याला तीव्र आम्ल आणि क्लोरिन सोसत नाही, म्हणून ब्लीचिंगने धुण्याच्या जागी ते नको.

तिसरी जात पॉलिथिलीनची. बादल्या-पिशव्यांचे पॉलिथिलीन आपण जाणतो, पण पट्टीचे पॉलिथिलीन वेगळे. बाजारात त्याला यूएचएमडब्ल्यू म्हणतात. कापसाच्या भाषेत सांगायचे तर, आखूड धाग्याचा कापूस आणि लांब धाग्याचा कापूस यांत जो फरक, तोच इथे. रेणूंची साखळी साध्या एचडीपीईपेक्षा कितीतरी लांब असते. रेणूभार तीस लाखांच्या वर. त्यामुळे ही पट्टी घासली जात नाही, चेन तिच्यावरून तेलावाचून घसरते आणि पाणी तर ती पीतच नाही म्हटले तरी चालेल. होदीखाली आम्हाला हीच पाहिजे होती. तिचे दुर्गुणही सांगतो. ती मऊ आहे, जड ओझे एका जागी ठेवले की दबते, आणि ८० अंशांच्या वर तिच्याकडून कामाची अपेक्षा धरू नये. कोंड्याची धूळ उडते तिथे तिच्या अंगावर स्थिर वीजही साठते. मोठ्या शूटला अस्तर द्यायचे असेल तर वीज वाहून नेणारी काळी अँटिस्टॅटिक जात मागून घ्यावी. जिथे धान उंचावरून आदळते तिथे पॉलियुरेथेन अधिक टिकते. फक्त गरम पाण्याजवळ त्याची पॉलिईथर जातच घ्यावी, पॉलिएस्टर जात गरम पाण्याने कुजते.

ओळखायचे कसे?

रंगावर जाऊ नका. पांढरी, काळी, निळी, हिरवी, हे सारे रंग मिसळलेले असतात. आम्ही ओळखायला शिकलो ते एका शेतकरी गिऱ्हाइकाकडून. आपल्याकडे पेरणीआधी धानाचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकायचे. हा गृहस्थ लेकीच्या लग्नाचे कापड घ्यायला आला होता. आमचे रडगाणे ऐकून तो म्हणाला, ‘‘शेठ, पट्टीचेही बी करून पाहा की.’’ तो थट्टेने बोलला, पण आम्ही घरी जाऊन खरोखर पातेले घेतले.

पट्टीचा नखाएवढा तुकडा आधी साध्या पाण्यात टाका. बोटाने ओला करून हवेचे बुडबुडे पुसून टाका, नाही तर फसगत होते. तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर एका लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. नायलॉन या खाऱ्या पाण्यावर तरंगते. अ‍ॅसिटाल बुडते, पीव्हीसी बुडते, टेफ्लॉन तर दगडासारखे तळ गाठते. कारण नायलॉनचे वजन पाण्याच्या १.१४ पट, खाऱ्या पाण्याचे १.२ पट आणि अ‍ॅसिटालचे १.४१ पट. काचेचा धागा मिसळलेले नायलॉन बुडेल, एवढा अपवाद ध्यानात ठेवा. आमच्या ‘डेल्रिन’चा तुकडा खाऱ्या पाण्यावर मजेत तरंगत राहिला. बहीण बाजूला उभी होती, म्हणाली, हे पातेले आता तुम्हीच घासा.

कापडवाले धागा जाळून ओळखतात तशी पट्टीची कात्रणही जाळून ओळखता येते. पॉलिथिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. नायलॉन फेसाळते, तार सोडते आणि केस जळाल्यासारखा वास देते. अ‍ॅसिटालची ज्योत निळी, जवळजवळ न दिसणारी, आणि धूर डोळ्यांना झोंबणारा. कात्रण तांदळाच्या दाण्याएवढी घ्या, उघड्या हवेत करा आणि हुंगायला नाक ज्योतीवर नेऊ नका. टेफ्लॉन किंवा पीव्हीसीची शंका असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

एक फरक पाण्यातही कळत नाही. एचडीपीई आणि यूएचएमडब्ल्यू दोन्ही तरंगतात, आणि स्वस्त एचडीपीई महागाच्या नावाने खपवण्याला वाव इथेच आहे. त्याला उपाय तवा. लोखंडी पत्र्यावर कात्रण ठेवून हळूहळू तापवा. एचडीपीई वितळून पसरते. यूएचएमडब्ल्यू काचेसारखी पारदर्शक होते, रबरासारखी मऊ होते, पण आपला आकार धरून बसते, वाहत नाही.

किलोचा भाव आणि मीटरचा भाव

आता थोडा व्यापाराचा हिशेब, जो आमच्या हाडात आहे. पट्टी किलोने विकतात आणि यंत्रात ती मीटरने बसते. ५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड, एक मीटर लांब अशी पट्टी धरा. तिचे आकारमान ५०० घनसेंटिमीटर. यूएचएमडब्ल्यूची असेल तर वजन सुमारे ४६५ ग्रॅम, नायलॉनची ५७० ग्रॅम, अ‍ॅसिटालची ७०५ ग्रॅम, टेफ्लॉनची एक किलोच्याही वर. म्हणजे दोन मालांचा किलोचा भाव सारखा असला तरी एक किलो यूएचएमडब्ल्यूमध्ये दोन मीटरच्या वर पट्टी मिळते आणि अ‍ॅसिटालमध्ये दीड मीटरही मिळत नाही. किलोचा भाव ऐकून ‘महाग’ म्हणणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. मीटरचा भाव काढला तर तोच माल कित्येकदा स्वस्त पडतो. बिलावर मालाचे पूर्ण नाव, जात आणि माप लिहून घ्या. ‘व्हाइट प्लॅस्टिक’ लिहिलेले बिल घेऊन भांडायला गेलो तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, ‘‘पांढरी मागितली, पांढरी दिली.’’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

तांदूळ ही खायची चीज आहे, हेही इथेच सांगतो. धानाच्या बाजूला काय ते चालवून घेतील, पण साफ तांदूळ जिच्यावरून सरकतो ती पट्टी भंगार वितळवून केलेली काळी पट्टी असता कामा नये. अन्नाला लागणाऱ्या पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि नायलॉन-६ साठी आयएस १२२४७ अशी भारतीय मानके आहेत. त्याप्रमाणे माल आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

दुसरी चूक

त्या मिलवाल्याने एक हंगाम सोडून भाच्याला पुन्हा बोलावले. या वेळी पट्टी यूएचएमडब्ल्यूची, तपासून आणलेली. हिवाळ्यात बसवली, नटबोल्ट आवळून पक्की केली. पाण्याची भीती संपली म्हणून आम्ही निर्धास्त. एप्रिलमध्ये पट्टी बोल्टांच्या मधल्या जागेत पुन्हा लाटेसारखी उठली! या वेळी चेन तुटली नाही, कारण मिस्त्रीने खडखडाट ऐकून वेळेवर बंद केली. कारण आता पाणी नव्हते, ऊन आणि गरम धान होते. प्लॅस्टिक उष्णतेने लोखंडाच्या कितीतरी पट वाढते. एक मीटर यूएचएमडब्ल्यू ४० अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर वाढते. तेवढेच लोखंड अर्धा मिलिमीटर. आमच्याकडे थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतच तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो, वर होदीची गरमी वेगळी.

उपाय साधा आहे. पट्टीचे एकच टोक गोल भोकात पक्के करायचे. बाकी सर्व भोके लांबट पाडायची, म्हणजे पट्टीला सरकायला वाव राहतो. बोल्टचे डोके पट्टीच्या पृष्ठभागाखाली बसवायचे आणि नट इतकाच आवळायचा की पट्टी हलेल पण खडखडणार नाही. लांब पट्टीऐवजी तुकडे करून दोन तुकड्यांत फट ठेवायची. फट तिरपी कापली तर चेनची कडी तिच्यात अडखळत नाही. थंडीत बसवताना फट मोठी, उन्हाळ्यात लहान. लेथवर किंवा मिलिंगवर काम झाले की लगेच माप घेऊ नये. प्लॅस्टिक लवकर थंड होत नाही आणि गरम असताना घेतलेले माप सकाळी खोटे ठरते. भाचा आता नग रात्रभर ठेवून सकाळी मोजतो.

टेफ्लॉनबद्दल दोन शब्द, कारण नाव मोठे आहे. ते २६० अंशांपर्यंत काम देते, त्याच्याइतके गुळगुळीत दुसरे काही नाही आणि पाणी ते मुळीच पीत नाही. पण ते मऊ आहे. ओझ्याखाली पिठाच्या गोळ्यासारखे हळूहळू सरकते. चेनखाली ते वाया जाते. गॅस्केट आणि वाफेच्या सीलला ते शोभते. त्याचे काम करणाऱ्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. आपल्या भागात बिडी खिशात असतेच. टेफ्लॉनचा भुगा लागलेल्या हातांनी बिडी शिलगावली की तो भुगा विस्तवात जळतो आणि त्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो, छाती आवळते. याला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. भाच्याच्या कारखान्यात त्या दिवशी बिडीचे बंडल बाहेर ठेवावे लागते आणि हात साबणाने धुतल्याशिवाय परत मिळत नाही. नवीन पोरे कुरकुरतात.

त्या मिलमधली चेन आता तिरप्या कापाच्या तुकड्यांवर चालते. मधला एक तुकडा काढून आम्ही वर्षाने माप घेतले तेव्हा झीज कागदाच्या जाडीएवढीही नव्हती. वाफेच्या टाकीच्या तोंडाशी मात्र, जिथे शंभर अंशांची वाफ थेट लागते, तिथेही प्लॅस्टिक टाका असा मिलवाल्याचा आग्रह होता. तिथे यूएचएमडब्ल्यू मऊ पडेल, नायलॉन फुगेल, टेफ्लॉन दबेल. भाच्याने ते काम नाकारले आणि तिथे स्टेनलेस स्टीलचीच पट्टी वेल्ड करून दिली.